रक्तदाबावरचा चिनी काढा: त्यात काय असतं आणि तो किती काम करतो

‘रक्तदाबावर हजारो वर्षं वापरात असलेलं चिनी औषध’ असं एखाद्या पाकिटावर छापलेलं दिसलं, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या: असं औषध असूच शकत नाही. रक्तदाब हा आकडा आहे आणि तो मोजायचं साधन अगदी अलीकडचं आहे. दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा इटलीतल्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली आणला. स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे घ्यायची पद्धत रशियातल्या कोरोत्कोव यांनी १९०५ साली सांगितली. त्याआधी समोर बसलेल्या माणसाचा दाब १२० आहे की १८०, हे चीनमधल्या काय, भारतातल्या काय, कुठल्याच वैद्याला कळायची सोय नव्हती.

मग जुने चिनी वैद्य उपचार कशावर करत होते? चक्कर, डोकेदुखी, कानात घुमणारा आवाज, लालबुंद चेहरा, उडालेली झोप, पटकन येणारा राग यांवर. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा त्यांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ चक्कर आणि थरथर यांचा संबंध यकृताशी जोडतो. विसाव्या शतकात चीनमध्ये बीपी मोजायचं यंत्र पोचलं, तेव्हा तिथल्या वैद्यांनी हा नवा आकडा या जुन्या लक्षणांच्या चौकटीत बसवला.

हा सांधा नीट जुळत नाही. बीपी वाढलेल्या बहुतेक माणसांना काहीच होत नसतं. डोकं शांत, झोप छान आणि वरचा आकडा १७०. उलट चक्कर येणाऱ्या प्रत्येकाचं बीपी वाढलेलं असतं असंही नाही. त्यामुळे काढ्याने डोकं हलकं झालं, झोप लागली, म्हणजे दाब उतरला असं धरून चालत नाही. दाब उतरला का, हे फक्त यंत्र सांगतं. पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा.

चिनी वैद्यकाची मांडणी आपल्याला फार परकी वाटणार नाही. यिन म्हणजे थंड, स्थिर, ओलावा राखणारं. यांग म्हणजे उष्ण, हलतं, वर चढणारं. दोन्हींचा तोल बिघडला की आजार. बीपीच्या रुग्णात सर्वांत जास्त सांगितला जाणारा बिघाड म्हणजे ‘यकृताचं यांग वर चढणं’. इथलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे. राग, डोळे, स्नायुबंध, शरीरातल्या हालचालीचा मोकळेपणा अशा कामांचा एक गट त्या नावाखाली येतो. अशा रुग्णाची नाडी ताणलेल्या धनुष्याच्या दोरीसारखी लागते, असं त्यांचे वैद्य सांगतात. दुसऱ्या एखाद्यात दोष कफाचा आणि ओलाव्याचा ठरतो: अंग जड, मळमळ, स्थूलपणा. तिसऱ्यात मूत्रपिंडाचं यिन आटलेलं असतं: उतारवय, कंबरदुखी, रात्री येणारा घाम. तिघांचं बीपी अगदी १६०/१०० असलं तरी तिघांना तीन वेगळे काढे मिळतात. म्हणून ‘चीनमध्ये बीपीला कोणतं औषध देतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपल्या शेजाऱ्याला लागू पडलेलं पाकीट आपण मागवणं तर त्यांच्याच शास्त्राप्रमाणे चूक आहे.

यकृताच्या चढलेल्या यांगवर सर्वांत प्रसिद्ध काढा म्हणजे तियानमा गोउतेंग यिन. नावावरून तो प्राचीन वाटतो, पण तो हू ग्वांगत्सी या वैद्यांनी १९५०च्या दशकात बांधला, आणि तोही उच्च रक्तदाबाची डोकेदुखी समोर ठेवून. म्हणजे लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्या बाजारात आल्या, साधारण त्याच काळात हा काढाही आला. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट, जुनी परंपरा नव्या आकड्याशी झुंज घेत होती याचा हा पुरावा आहे. फक्त ‘हजारो वर्षं’ हे शब्द त्याला लावू नयेत.

या काढ्यात अकरा पदार्थ असतात. तियानमा ही एक विलक्षण ऑर्किड. तिला हिरवी पानं नाहीत, त्यामुळे सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवता येत नाही. जमिनीखाली एका बुरशीकडून पोषण घेऊन तिचा बटाट्यासारखा कंद वाढतो. त्यामुळे शतकानुशतकं ती फक्त जंगलातून खणून आणत. ही बुरशी आधी लाकडावर वाढवून तिच्याजवळ कंद लावायचं तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसलं आणि मग शेती सुरू झाली. युन्नान प्रांतातल्या झाओतोंगची तियानमा आज नावाजलेली आहे. गोउतेंग ही हुकासारखे वाकडे काटे असलेली वेल; औषधात काट्यांसकट फांदीचे तुकडे जातात. दूझोंग या झाडाची साल मोडली की दोन तुकड्यांमध्ये रबरासारखे रुपेरी धागे ताणले जातात, आणि गिऱ्हाईक त्यावरूनच माल खरा की खोटा ते पाहतं. याशिवाय गार्डेनियाची फळं, ह्वांगछिनचं पिवळं मूळ, झाडावर वाढणारं एक बांडगूळ, यिमूत्साओ नावाची बाईच्या पाळीच्या तक्रारींवर चालणारी वनस्पती, आणि अबालोन या समुद्री गोगलगायीचं कवच.

उकळायचे नियमही ठरलेले आहेत. कवच कठीण, म्हणून ते आधी एकटं उकळत ठेवायचं. गोउतेंग मात्र शेवटच्या काही मिनिटांत टाकायची. हा नियम वैद्यांनी अनुभवाने घालून दिला. पुढे प्रयोगशाळेत दिसलं की गोउतेंगमधली रिंकोफायलिनसारखी द्रव्यं फार वेळ उकळली की बिघडतात. जुन्या अनुभवाला असा आधार मिळतो तेव्हा मला त्या माणसांविषयी खरोखर आदर वाटतो.

रिंकोफायलिन रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरणं कमी करतं, त्यामुळे वाहिनी सैलावते. अम्लोडिपिन ही आपल्याकडे घरोघरी घेतली जाणारी गोळीही कॅल्शियमचाच मार्ग अडवते. दूझोंगच्या सालीतून दाब उतरवणारं एक द्रव्य १९७६ साली वेगळं केलं गेलं. तेव्हा ‘या झाडपाल्यात काही नसतं’ हे म्हणणं चुकीचं आहे. पण उंदराच्या वाहिनीवर काम करणारं द्रव्य पेलाभर काढ्यातून माणसाच्या रक्तात पुरेसं पोचतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर माणसांवर चाचणी घेऊनच मिळतं.

या काढ्याच्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१२ साली धुंडाळल्या. कॉक्रेनचं काम म्हणजे एखाद्या उपचाराच्या सगळ्या चाचण्या गोळा करून त्यातल्या नीट केलेल्या कोणत्या ते तपासणं. त्यांच्या कसोटीला उतरणारी एकही चाचणी त्यांना मिळाली नाही. याचा अर्थ काढा निकामी ठरला असा नाही. दशकानुदशकं वापरात असलेल्या काढ्याची परीक्षाच धडपणे झालेली नव्हती, असा आहे.

परीक्षा झाली ती २०२०च्या सुमारास. शांघायच्या संशोधकांच्या पुढाकाराने याच काढ्याचे दाणेदार चूर्ण आणि हुबेहूब दिसणारं निष्क्रिय चूर्ण अशी तुलना २५१ लोकांवर झाली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नव्हतं. दवाखान्यात बीपी ठीक, पण दिवसभर लावून ठेवलेल्या यंत्रावर वाढलेलं, अशी ही माणसं होती. चार आठवड्यांनी खऱ्या चूर्णाच्या गटात दिवसाचा वरचा आकडा सुमारे ५.४ने उतरला. निष्क्रिय चूर्णाच्या गटातही तो सुमारे २.९ने उतरलाच! म्हणजे काढ्याचं स्वतःचं काम अडीच अंकांचं. हे निष्कर्ष ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारावरच्या मान्यवर नियतकालिकात छापून आले.

अडीच अंक म्हणजे किती? बीपीची एक गोळी नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा सरासरी नऊच्या आसपास उतरवते. ही तुलना काटेकोर नाही, कारण गोळ्यांच्या चाचण्यांतल्या लोकांचं मुळातलं बीपी जास्त होतं आणि जास्त असलेलं जास्त उतरतं. तरी अंदाज येतो. निष्क्रिय चूर्णाचे ते २.९ अंकही महत्त्वाचे आहेत. कोणी आपली काळजी घेतंय, वारंवार मोजतंय, एवढ्यानेही दाब थोडा खाली येतो. शिवाय पहिल्यांदा जास्त आलेला आकडा पुढच्या वेळी आपोआपच थोडा कमी येतो. ‘मला चिनी चहाने फरक पडला’ असं कोणी सांगतं तेव्हा तो माणूस खोटं बोलत नसतो. त्या फरकातला किती वाटा चहाचा, हे त्याला एकट्याला कळणं शक्य नसतं.

वनस्पतीत जोरदार औषध सापडल्याचं उदाहरण हवं असेल तर ते मुंबईत आहे. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वेडावर, सर्पदंशावर, निद्रानाशावर पूर्वापार वापरलं जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते बीपीवर चालतं असं लिहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्याचा पद्धतशीर वापर करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचे निष्कर्ष मांडले, आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं झालं. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा असं मला फार वाटतं.

ही गोष्ट चीनकडेही जाते. दक्षिण चीनमध्ये सर्पगंधेची एक भावंड वनस्पती उगवते. १९५०च्या दशकातच तिथे तिच्यापासून बीपीची गोळी तयार झाली. पुढे रिसर्पिन आणि लघवी वाढवणारी औषधं थोड्या थोड्या मात्रेत एकत्र करून ‘बीजिंग जिआंगया क्रमांक शून्य’ नावाची स्वस्त गोळी निघाली, आणि ती चीनमध्ये अजूनही घेतली जाते. रिसर्पिनची दुसरी बाजूही दिसली: जास्त मात्रेत ते काहींना उदास करत होतं, नाक चोंदवत होतं. खरोखर काम करणाऱ्या द्रव्याला दुष्परिणामही असतात, मग ते मुळातून आलेलं असो की कारखान्यातून.

चीनच्या औषध दुकानात ‘झेनजू जिआंगया’ नावाच्या गोळ्या मिळतात. त्यात रानशेवंतीचा अर्क आणि मोत्याच्या शिंपल्याची पूड असते, पण त्याबरोबर क्लोनिडिन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड ही दोन आधुनिक औषधंही असतात. ते वेष्टनावर लिहिलेलं असतं, त्यामुळे ही फसवणूक नाही. पण चिनी वाचता न येणारा माणूस ‘शेवंती आणि मोती’ ऐकून त्या घेईल, आणि क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उसळी मारतं हे त्याला माहीत नसेल. शिवाय लेबलवर न लिहिता आधुनिक औषधं मिसळलेली ‘हर्बल’ उत्पादनं वेगवेगळ्या देशांच्या औषध नियंत्रकांनी वेळोवेळी पकडलेली आहेत. वनस्पतीचं औषध दोन दिवसांत चमत्कार दाखवू लागलं, तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

आता ज्येष्ठमध, ज्यावर मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे. चिनी वैद्यकात त्याला गानछाओ म्हणतात, आणि इतर औषधांना जुळवून घेणारा घटक म्हणून ते असंख्य काढ्यांत पडतं. (तियानमा गोउतेंग यिनमध्ये मात्र मुळात ते नाही.) आपल्याकडेही घसा बसला की ज्येष्ठमधाची कांडी चघळतात, खोकल्याच्या काढ्यात ते असतंच. आणि ज्येष्ठमध बीपी वाढवतं.

ते असं. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचा हुकूम अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देतं. तोच हुकूम कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही देऊ शकतं, आणि ते रक्तात कितीतरी पटीने जास्त असतं. म्हणून दारावर एक पहारेकरी असतो: एक एन्झाइम, जे कॉर्टिसॉलला आत शिरण्याआधी निष्प्रभ करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन पोटात बदलून जे द्रव्य होतं, ते या पहारेकऱ्याला झोपवतं. कॉर्टिसॉल आत घुसतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, दाब चढतो. स्वीडनमध्ये २८ निरोगी तरुण माणसांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन असलेलं ज्येष्ठमध दिलं, तर वरचा आकडा सुमारे तीनने वाढला. हे संशोधन २०२४ साली आलं. चिनी औषधसंहितेप्रमाणे ज्येष्ठमधाच्या मुळात निदान २ टक्के ग्लिसिरायझिन असावं लागतं, म्हणजे १०० मिलिग्रॅम पाच ग्रॅम मुळात आलं. वरच्या चाचणीत काढ्याने जेवढं उतरवलं, साधारण तेवढंच पाच ग्रॅम ज्येष्ठमध चढवू शकतं! लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून गळतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखाद्या दिवशी घशासाठी कांडी चघळली तर बिघडत नाही. रोजचा काढा ही वेगळी गोष्ट आहे.

सर्दी-दम्यावरच्या चिनी औषधांतलं माह्वांग हेही बीपी वाढवतं. त्यातलं एफेड्रिन वाहिन्या आवळतं आणि ठोके वाढवतं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत त्याचा सुळसुळाट झाल्यावर अमेरिकेने २००४ साली अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

आणि फांगजी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मुळात टेट्रँड्रिन हे वाहिन्या सैलावणारं द्रव्य असतं. पण ग्वांगफांगजी हे नावाने सख्खं आणि कुळाने परकं मूळ ॲरिस्टोलोकिया जातीचं आहे, आणि त्यातलं आम्ल मूत्रपिंड जाळतं. १९९०च्या सुरुवातीला बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत पहिल्याच्या जागी दुसरं पडलं. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावं लागलं, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. चीनने २००४ साली ग्वांगफांगजीचा औषधी वापर बंद केला. मूत्रपिंड बिघडलं की बीपी वाढतं, आणि बीपी वाढलं की मूत्रपिंड आणखी बिघडतं. कोणीतरी बीपी उतरवायला म्हणून पाकीट आणावं आणि त्यात चुकीचं मूळ निघावं, याहून वाईट काय असेल!

आणखी थोडक्यात: दानशेन हे हृदयाच्या चिनी औषधांतलं लाडकं मूळ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतं. तियानमाच्या काढ्यातल्या यिमूत्साओने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणी तो काढा नको. याच काढ्यात गोउतेंगखेरीज आणखी एका वेलीची खोडं जातात; त्या वेलीच्या मुळाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतो तो शेवंतीचा चहा. हांगझोऊकडची पांढरी शेवंती त्यासाठी प्रसिद्ध आहे. बहुतेकांना तो चालतो, चवीला छान असतो, आणि साखरेच्या चहाऐवजी घेतला तर तेवढी साखर टळते. गोळीचं काम मात्र त्याच्याकडून मागू नये. शेवंतीबरोबर पुष्कळदा भाजलेल्या जुएमिंगझी बिया असतात. या बिया म्हणजे आपला टाकळा किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊ. चिनी औषधसंहितेत दोन्ही जाती चालतात. पहिल्या पावसात माळावर उगवतो आणि ज्याची भाजी कोकणात, घाटावर आवडीने होते, तोच. त्यांच्या बियांत रेचक द्रव्यं असतात, त्यामुळे रोज मोठ्या प्रमाणात घेतल्या तर जुलाब होऊन शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जातं.

यातलं काही तुम्ही घेत असाल, तर डॉक्टरांना पाकीट दाखवा, नुसतं ‘आयुर्वेदिक-चिनी काहीतरी’ असं सांगू नका. घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. लक्षणं नाहीत म्हणून काही बिघडत नाहीये असं वाटतं, आणि पहिलं लक्षण कधीकधी थेट पक्षाघाताचं असतं. १७ लाख लोकांच्या पाहणीत २०१७ साली दिसलं की चीनमध्ये बीपी असलेल्या बारा जणांत एकाचंही ते पुरतं आटोक्यात नव्हतं. इतके काढे असलेल्या देशात कमी होती ती वेळेवर मोजण्याची आणि रोज नेमाने औषध घेण्याची.

चीनमधून आलेला बीपीवरचा सर्वांत भक्कम घरगुती उपाय झाडपाल्याचा नाहीच. उत्तर चीनच्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर पाच वर्षं एक चाचणी झाली. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा वय साठीपुढे आणि बीपी वाढलेलं होतं. निम्म्या गावांत स्वयंपाकाचं मीठ बदलून दिलं: तीन भाग नेहमीचं सोडियमचं, एक भाग पोटॅशियमचं. २०२१ साली निकाल आला. मीठ बदललेल्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले होते. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही दुकानात मिळतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.